पपांनी न जाळलेलं नाटक

मागच्या नाताळाच्या थोडं आधी नाशिकात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, सन्मानचिन्ह म्हणून काचेचं काहीतरी जड, आणि निवेदन करायला छान आवाजाचा एक तरुण मुलगा. मी आयुष्यात जे जे केलं ते त्याने एका दमात वाचून दाखवलं. दुकानांच्या पाट्या रंगवल्या, शाळेत चित्रकला शिकवली, बाहुल्यांचे खेळ केले, रेडिओसाठी श्रुतिका लिहिल्या, मुलांचं मासिक चालवलं, नाटकं लिहिली, चर्चमध्ये गायची गीतं लिहिली, आणि मधली काही वर्षं हार्मोनियम दुरुस्तही केल्या. ऐकता ऐकता मलाच वाटायला लागलं, हा गृहस्थ कुठेच टिकलेला दिसत नाही. मग त्या मुलाने आवाज खाली आणला. "आणि मित्रहो, याच माणसाचं पहिलं नाटक त्याच्या वडिलांनी, होय, प्रत्यक्ष जन्मदात्या वडिलांनी, बंबात घालून जाळलं होतं!" सभागृहात "अरेरे" झालं. मी सवयीने मान खाली घातली. अशा वेळी मान किती खाली घालायची हे मला इतक्या वर्षांत नीट जमलेलं आहे.

पहिल्या रांगेत माझी धाकटी बहीण रूथ बसली होती. मोरपंखी पैठणी नेसून आली होती. ती "अरेरे" म्हणाली नाही. कार्यक्रम संपला, आम्ही रिक्षाने इंदिरानगरला माझ्या घरी निघालो. ती काचेचं सन्मानचिन्ह मांडीवर धरून बाहेर बघत बसली होती. घराच्या वळणावर म्हणाली, "दादा, आता तू म्हातारा झालास. आता तरी पपांना त्या बंबापासून लांब घे."

म्हणून हे प्रकरण. या पुस्तकात ते आधीच यायला हवं होतं, पण मी ते दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा त्याऐवजी शाळेच्या सहलीबद्दल लिहिलं. सहल चांगली झाली होती, पण ती वाचून कोणाचं काही अडलेलं नाही.

आमचं घर शरणपूरला होतं. कौलारू, एका ओळीतल्या घरांपैकी शेवटचं, त्यामुळे आम्हाला एक खिडकी जास्त मिळाली होती आणि वाराही. सकाळी जाग यायची ती चिपळ्यांच्या आवाजाने. पपा दाढी करायच्या आधी चिपळ्या वाजवायचे. बोटं सैल होतात, म्हणजे ब्रश नीट धरता येतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांना सगळे मनोहर मास्तर म्हणत. खरं तर मास्तरकी त्यांनी थोडीच वर्षं केली. मुलांना आकृत्या काढायला सांगून स्वतः फळ्यावर घोडे काढत बसायचे म्हणून हेडमास्तरांशी पटलं नाही. नोकरी गेली, 'मास्तर' राहिलं. मग त्यांनी पाट्या रंगवायला सुरुवात केली. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात धोक्याच्या पाट्या रंगवायचं काम मिळालं, तेव्हा त्यांनी कवटी काढली ती किंचित हसरी. तिथले साहेब म्हणाले, "मास्तर, ही तर या, बसा म्हणतेय." पपांनी कवटीच्या भुवया खाली ओढून दिल्या. भुवया असलेली कवटी मी पुन्हा कुठेही पाहिली नाही. येवल्याला एका पैठणीच्या दुकानावर मोर काढला तर मालक म्हणाला, "मास्तर, कोंबडी आहे का ही?" पपांनी शांतपणे मोराची मान थोडी लांबवली आणि म्हणाले, "आता?" मालक म्हणाला, "आता लांब मानेची कोंबडी आहे." घरी येऊन हे त्यांनी आम्हाला असं करून दाखवलं की आईच्या हातातलं लाटणं खाली पडलं.

याशिवाय कोणाचं लग्न असलं की मंगलगीत, कोणी गेलं की थडग्यावर कोरायच्या दोन ओळी, दोन्ही पपांकडूनच. एकाच आठवड्यात दोन्ही कामं आली की ते आईला ओळी वाचून दाखवत, चुकून अदलाबदल झाली नाही ना म्हणून. आई हार्मोनियम वाजवायची. तिला नोटेशन वगैरे येत नव्हतं, पण पपांनी कुठल्याही पट्टीत तोंड उघडलं की तिची बोटं बरोबर तिथे असायची. भांडण चालू असलं तरीही. पपा चिडून म्हणायचे, "माझा चष्मा कोणी हलवला?" आणि ते ज्या सुरात म्हणायचे तो सूर आई जाता जाता पेटीवर दाबून दाखवायची. मग भांडण पुढे जात नसे.

पपांचं खरं प्रेम मात्र कीर्तन. आमच्या मंडळीत ख्रिस्ती कीर्तनाची जुनी पद्धत होती. धोतर, उपरणं, चिपळ्या, पेटी, सगळं जसंच्या तसं, फक्त आख्यान येशूचं. नाताळच्या संध्याकाळी चर्चच्या आवारात पपांचं कीर्तन हा आमच्या सणाचा अर्धा भाग, आणि उरलेला अर्धा म्हणजे खाणं. करंज्या, अनारसे आणि चकल्या घरी व्हायच्या. केकसाठी मात्र सगळं मिश्रण घरी फेटून पत्र्याच्या डब्यांत भरायचं आणि इस्माईलचाचांच्या बेकरीत भट्टीत लावायला न्यायचं. वस्तीतले सगळे तेच करत. डबे सारखेच दिसायचे, त्यामुळे अदलाबदल होऊन दरवर्षी कोणाची तरी भांडणं व्हायची. शेवटी पपांनी प्रत्येक डब्यावर रंगाने नाव घातलं. पहिल्याच भट्टीत रंग वितळला आणि त्या वर्षी सगळ्यांच्या केकला टर्पेंटाइनचा वास आला. इस्माईलचाचा पुढे किती तरी वर्षं आम्हाला विचारायचे, "मास्तर का केक पॉलिश करूं क्या?" आम्ही तो केक संपवला. पपांनी तर दोन तुकडे जास्त खाल्ले, सगळ्यांसमोर.

अशा घरात मी वाढलो, आणि मला या सगळ्याची लाज वाटत होती. कॉलेजला नुकताच जाऊ लागलो होतो. तिथे मला अशी मुलं भेटली जी जगाबद्दल बोलत आणि चहा कडू पीत. त्यांच्यापुढे धोतर नेसून चिपळ्या वाजवणारा बाप मला जुनाट वाटे. मला नवीन, धारदार काहीतरी लिहायचं होतं. मी नाटक लिहिलं. नाव 'खोली मिळेल का'. त्यात योसेफ हा येवल्याचा सुतार, हातमाग दुरुस्त करणारा. तो आणि दिवस भरलेली मरिया येवल्याच्या एसटीने नाशिकला उतरतात आणि खोली शोधतात. आणि घरमालक त्यांना फिरवून फिरवून विचारतो, "मंडळी कुठली? ते झालं, पण मूळचे कुठले? ते झालं हो, पण त्याच्या आधीचे?" हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "माझं आपलं एक तत्त्व आहे."

हे वाक्य शरणपुरात कोणाचं हे लहान पोरही सांगू शकलं असतं. गुलाबरावकाका. चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी, भाड्याने द्यायच्या चार खोल्यांचे मालक, मनाने वाईट नव्हेत, पण तो प्रश्न ते खरंच विचारायचे. मला वाटलं मी समाजाला आरसा दाखवतोय. खरं सांगायचं तर त्यांनी एकदा मला पतंगासाठी त्यांच्या गच्चीवर चढू दिलं नव्हतं, तेही त्यात होतं.

तालमी सुरू झाल्या तशी बातमी पसरली. गुलाबरावकाका घरी आले. बसले नाहीत. "मास्तर, तुमच्या चिरंजीवांनी नाटक लिहिलंय म्हणे. छान. माझं आपलं एक तत्त्व आहे, तरुणांना उत्तेजन द्यावं. पण नाताळच्या संध्याकाळी कार्यक्रम एकच होतो, आणि तुमचं कीर्तन तर ठरलेलं. मग नाटकाला वेळ कुठून आणायचा? कमिटीपुढे प्रश्न आहे." किल्ल्या वाजवत गेले. आई मला म्हणाली, "संपलं तुझं. किती गोड बोलून संपवलं बघ."

कमिटीची बैठक चर्चच्या बाजूच्या खोलीत व्हायची. मी खिडकीखाली उभा होतो. अख्खं भवितव्य त्या खोलीत आहे असं मला वाटत होतं. कॉलेजच्या मित्रांना आमंत्रणं देऊन झाली होती. नाटक पडलं असतं तर मी कोणत्या तोंडाने परत गेलो असतो? पपा बोलायला उठले तेव्हा मला वाटलं, आता माफी मागणार. ते म्हणाले, "एकच कार्यक्रम होतो ना, मग यंदा कीर्तन राहू द्या. पोरांचं नाटक होऊ दे."

मग गुलाबरावकाका म्हणाले, "ते ठीक आहे, पण त्यात तो घरमालक..."

"घरमालक मी करतो," पपा म्हणाले. "गुलाबराव, माझ्याकडे बघा बरं. मला बघून कोणाला तुमची आठवण येईल का?"

सगळे हसले, काकाही. पपा काडीसारखे, काका गोणीसारखे. ठराव झाला.

मला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण मनात शंका होती. पपा तालमीला यायचे, आमच्याच ओसरीवर, आणि कागद डोळ्यांपुढे धरून माझी वाक्यं सपाट वाचायचे. किल्ल्या हातात घेत नव्हते. मी म्हटलं, "पपा, जरा जोर लावा ना. किल्ल्या वाजवा. लोकांना कळलं पाहिजे तो कोण आहे." ते म्हणाले, "कळेल." योसेफाचं काम करणारा माझा मित्र विल्सन मला बाजूला घेऊन म्हणाला, "पभ्या, तुझे पपा पाट्या मस्त रंगवतात रे. पण अ‍ॅक्टिंग..." आत आई करंज्यांना मुरड घालत होती, तिथूनच ओरडली, "विल्सन, ऐकू येतं हं मला!"

नाताळची संध्याकाळ. चर्चच्या आवारात बाकं जोडून रंगमंच केलेला, पडदे म्हणजे चार घरांच्या चादरी, त्यातली एक आमची, जिच्यावर शाईचा डाग होता. मी त्या डागामागे उभा होतो. माझे कॉलेजचे मित्र मागच्या बाजूला, चेहरे गंभीर. पुढे गुलाबरावकाका, नवा कोट. विल्सन आणि मरिया झालेली मुलगी एसटीतून उतरले, इकडे तिकडे बघितलं, सगळं ठीक चाललं होतं. मग घरमालकाने प्रवेश केला. पपांच्या अंगावर कोट नव्हता, हातात किल्ल्या नव्हत्या. ते कीर्तनाच्या पोशाखात होते. धोतर, उपरणं, हातात चिपळ्या.

त्यांनी दर वर्षी करायचे तसं उपरणं सारखं केलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. दोनदा खाकरले. दर वर्षी दोनदाच खाकरायचे. आणि मंडळींकडे बघून म्हणाले, "बोला, प्रभू येशूचा..." लोकांनी सवयीने उत्तर दिलं, "जयजयकार!" आई रंगमंचाखाली पेटी घेऊन बसली होती, मध्ये गाणं होतं त्यासाठी, तिच्या बोटांनी सवयीने सूर धरला. आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या नवीन, धारदार नाटकाचं कीर्तन झालं.

पपा रंगात आले. आज आपल्याकडे मोठा पाहुणा येतोय, घर झाडलं का, दिवे लावले का, त्याच्यासाठी जागा केली का, असं ते गाऊ लागले. लोक माना डोलावू लागले. विल्सन गाठोडं घेऊन उभाच. मी पडद्याआडून हातवारे केले, तेव्हा तो पुढे होऊन, पाठ केलेलं वाक्य म्हणाला, "मालक, खोली मिळेल का?"

पपांनी त्याच्याकडे न बघता हात उडवला. "अहो, थांबा! प्रभू येणार आहे, त्याची तयारी चाललीय. तुम्ही नंतर या."

हशा झाला. आधी लहान मुलं हसली, मग बायका. पपांनी तान घेतली. विल्सनला आता धीर आला, त्याने पुन्हा विचारलं, "मालक, हिला फार त्रास होतोय. कोपरा दिला तरी चालेल." पपांनी त्याला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं आणि चिपळीने मागच्या गोठ्याकडे दाखवलं, तिकडे बसा, मध्ये मध्ये करू नका. आणि परत लोकांकडे वळून तोंड भरून हसत म्हणाले, "तर मंडळी, काय सांगत होतो? जागा! जागा केली पाहिजे हो!" आता हशाचा नुसता कल्लोळ. गुलाबरावकाका तर मांडी थोपटत होते. विल्सन मरियाला हाताला धरून हळूहळू गोठ्याकडे निघाला. आणि तो हशा कसा विरत गेला ते मला अजून ऐकू येतं. पुढून मागे, रांगेरांगेने. पपा गातच होते, पण आईने पेटी थांबवली होती. ती सवयीने नव्हती थांबवली. नुसत्या चिपळ्या वाजत राहिल्या, मग त्याही थांबल्या. पपांनी पाहुणा आला का म्हणून दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं. चादर ओढणाऱ्याला ओढायचं भान राहिलं नाही, ती मी ओढली.

लोकांनी पपांना उचलायचंच बाकी ठेवलं. गुलाबरावकाका डोळे पुसत म्हणाले, "मास्तर, तुम्ही स्वतःचीच उडवलीत हो! आम्ही उगाच घाबरलो." नंतर तेच मला म्हणाले, "प्रभाकर, काय लिहिलंयस! ते 'नंतर या' तर... माझं आपलं एक तत्त्व आहे, चांगल्याला चांगलं म्हणावं." मी "थँक यू काका" म्हटलं. ते माझ्या तोंडातून बाहेर पडलं तेव्हाच खरं तर पुढचं सगळं ठरलं. कॉलेजचे मित्रही येऊन तेच म्हणाले, आणि मी त्यांनाही थँक यू म्हटलं. (भाडेकरूंना तो प्रश्न गुलाबरावकाका पुढेही विचारत राहिले. नाटकाने समाज बदलतो वगैरे मी भाषणात सांगतो, तेव्हा मला चार खोल्यांचे ते मालक आठवतात.)

घरी मटण-पुलाव होता. मी ताटावर बसलो नाही. पपांना म्हणालो, "तुम्ही माझं नाटक मोडलंत. मला त्या माणसावर लिहायचं होतं, तुम्ही स्वतःला पुढे केलंत."

पपा हाड चोखत होते. ते बाजूला ठेवून म्हणाले, "अरे, ज्याच्यावर लिहिलं तो एकटा रडला असता आणि बाकी सगळे मजेत घरी गेले असते. असा कार्यक्रम कशाला करायचा?" आणि परत हाड उचलत, "नाही आवडलं तर ते 'नंतर या'चं वाक्य काढून टाक. नाटक तुझं आहे."

मी काढलं नाही. माझा नंतरचा सगळा संसार त्या वाक्यावर उभा राहिला. नाटक छापलं गेलं, मनमाडला झालं, नगरला झालं, मुंबईतल्या चर्चमध्ये झालं. ते बघून मला पहिलं रेडिओचं काम मिळालं, त्यातून मासिक, मासिकातून बाहुल्या. आजही ख्रिस्ती वस्त्यांत कोणी फार कामात असल्याचं सोंग आणलं की बायका म्हणतात, "प्रभू येणार आहे, तुम्ही नंतर या." इतकं लिहिलं, त्यातलं एवढं एकच लोकांना पाठ आहे. आणि ते माझं नाही. ते मनोहर मास्तरांचं आहे. हे मी इथे पहिल्यांदाच लिहितो आहे.

पपांच्या कीर्तनाचं पुढे काय झालं तेही लिहायला हवं. पुढच्या नाताळला ते उभे राहिले, चष्मा पुसला, आणि पुढे बसलेली पोरं ओरडली, "तुम्ही नंतर या!" सगळे हसले, पपा सगळ्यांत जास्त. आणखी दोनेक वर्षं केलं त्यांनी. पण उपरणं सारखं करायला हात गेला की हशा ठरलेला. मग लोक नाटकच मागू लागले आणि त्यांनी हसत हसत चिपळ्या फक्त दाढीपुरत्या ठेवल्या. मला तेव्हा त्यात काही गेल्यासारखं वाटलं नाही. मी मुंबईत होतो.

तिथेच एका वर्तमानपत्राचा तरुण वार्ताहर मला भेटायला आला. माझी पहिलीच मुलाखत. त्याने विचारलं, "ते प्रसिद्ध वाक्य तुम्हाला कसं सुचलं?" मी विषय बदलण्यासाठी म्हणालो, "फार कठीण परिस्थितीत लिहिलंय हो ते नाटक." त्याचे डोळे चमकले. "घरून विरोध होता?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वडिलांनी चुलीत घातलं होतं." मी विचार करून बोललो नव्हतो, पण बोलल्यावर विचार केला, आणि मला ते सोयीचं वाटलं. ज्या बापाने नाटक जाळलं, त्याने त्यातलं वाक्य रचलं असेल अशी शंका कोणाला येणार? मी पपांना त्या रंगमंचावरून अलगद उतरवून चुलीपाशी नेऊन बसवलं. मुलाखत छापून आली. शीर्षकातच चूल होती.

त्यानंतर मी घरी गेलो तो पाय ओढत. पपा ओसरीवर एका भेळवाल्याची पाटी रंगवत होते. वर न बघता म्हणाले, "वाचली मुलाखत. चांगली जमलीय." मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाले, "फक्त चूल नको म्हणूस. चुलीत कोण घालतं कागद? आईने स्वयंपाकाला धूर लागू दिला असता का? बंब म्हण. बंबात कागद जातो. पटेल लोकांना." आणि 'भेळ'मधल्या ळ ला शेपूट काढत राहिले. आत आईने भांडी जोरात आपटली, सूरबीर काही न बघता. मी रात्रीच्या गाडीने मुंबईला परत आलो. पुढच्या मुलाखतीपासून मी बंब म्हणू लागलो. ते खरंच जास्त पटत होतं.

पपा गेले, आई गेली. बंबाची गोष्ट राहिली, पुस्तकांच्या प्रस्तावनांत गेली, एका मुलीच्या प्रबंधातही गेली. मी मनाशी म्हणायचो, पपांना माहीत होतं, त्यांनी हसून सोडून दिलं, झालं. वस्तीतल्या लोकांचा मी कधी विचारच केला नव्हता. अख्ख्या शरणपूरने पपांना त्या नाटकात काम करताना पाहिलं होतं. मग ती मुलाखत वाचून त्यांच्यातलं कोणीच कसं बोललं नाही?

सत्काराच्या त्या दिवशी घरी आल्यावर मी हेच रूथला विचारलं. ती पैठणीची घडी घालत होती. मुलाखतीच्या वेळी तिचं लग्न व्हायचं होतं, ती घरीच होती.

"बोलले की," ती म्हणाली. "पेपर आला त्याच दिवशी गुलाबरावकाका पळत आले. म्हणाले, मास्तर, हा पोरगा धडधडीत खोटं बोलतोय, आम्ही सगळे होतो तिथे, मी आजच पेपरवाल्यांना कळवतो. माझं आपलं एक तत्त्व आहे."

"मग?"

"मग पपा म्हणाले, तो खरं बोलतोय. मी जाळलं होतं."

मी खुर्चीत बसलो.

"म्हणाले, आधीचं जाळलं होतं, तुम्हाला माहीत नाही. पोराने पुन्हा सगळं आठवून लिहिलं, मग मला लाज वाटली म्हणून मी त्यात काम केलं. असं सगळं नीट बसवून सांगितलं त्यांनी, दादा. मलाही क्षणभर खरं वाटलं. त्यावर काकांनी त्यांना जे झापलं! लेकराचं लेखन जाळता, कीर्तनकार म्हणवता, म्हणे. रविवारी पाळकसाहेबांनी बापांनी मुलांशी कसं वागावं यावर प्रवचन दिलं, आणि सगळे वळून वळून पपांकडे बघत होते. आईने तर त्या दिवशी चर्चमधून आल्यावर तुझा फोटो उलटा करून ठेवला. संध्याकाळी पपांनी सरळ केला."

म्हणजे हे सगळं लिहून मी आता पपांनाही खोटं पाडतो आहे. त्यांनी इतकं निगुतीने बसवलेलं होतं. पण रूथचं म्हणणं, लिहीच. गुलाबरावकाकांची मुलगी अजून चर्चला येते, तिला मी स्वतः जाऊन सांगणार आहे. ती नक्की भांडणार, आमच्या वडिलांना उगाच ओरडायला लावलंत म्हणून.

त्या दिवशी मात्र मला एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारायला मला बराच वेळ लागला. रूथने दोघांसाठी चहा केला, तो अर्धा झाल्यावर मी म्हटलं, "काका ओरडत होते तेव्हा पपा कसे होते ग? फार वाईट वाटलं होतं का त्यांना?"

"मान खाली घालून बसले होते. मी चहा घेऊन मागून आले तर खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत." रूथने कप खाली ठेवला. "मी पुढे गेले तर हसत होते रे. हसू आवरत नव्हतं म्हणून मान खाली. मला डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा, काकांना रंगात येऊ दे."